धूप फिरला तरी

अरबांच्या मुलखात, धोफारच्या किनाऱ्यावर एक पडकं बंदर आहे. तिथून कधीकाळी लोबान, म्हणजे झाडापासून मिळणारा धुपाचा डिंक, गलबतांत भरून देशोदेशी जायचा. मबखूत हा त्या अवशेषांचा राखणदार. दगड राखायचे, दुपारी जेवायचं आणि ताणून द्यायची, एवढंच त्याचं आयुष्य. त्यातल्या झोपेबाबत मात्र तो फार काटेकोर होता.

एकदा उत्खननाला आलेल्या विद्वानांना त्याने घरी भात आणि उंटाचं मटण जेवू घातलं. मग लोबानाचं धुपाटणं फिरवलं. जेवणानंतर धूप फिरला की पाहुण्याने उठायचं, हे त्या मुलखात शेळ्यांनासुद्धा ठाऊक. पण हे पडले प्राचीन धूपव्यापाराचे पंडित. ते ठाण मांडून बसले. फोटो काढले, डोळे मिटून वास घेतला.

मबखूतने दात-ओठ खात पुन्हा धूप घातला.

"काय हे आदरातिथ्य," त्यांच्या प्रमुख बाई म्हणाल्या आणि लोडाला टेकल्या.

आतून मबखूतची बायको तुफूल पुटपुटली, "अहो, आता अख्खं झाड आणून जाळा. तरी हलायचे नाहीत हे."

घरातला लोबान संपला, तेव्हा कुठे ते उठले.

पुढच्या हिवाळ्यात बंदरापाशी नवा फलक लागला: 'पाहुण्याने आणखी थांबावे म्हणून येथील लोक आजही पुन्हा पुन्हा धूप घालतात.' आता तो वाचून प्रवासी रोज भर दुपारी मबखूतच्या दारात येऊन बसतात.

त्या फलकाला कुणी धक्का लावू नये, हे पाहायचं कामही मबखूतकडेच आहे.