शिसं शोधणारे आजोबा

जगात जे काही बिघडतं ते शिशामुळे बिघडतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो बिबवेवाडीला आमच्या बरोबर खालच्या घरात राहत असे. बाळांनो, सुट्टीत यायचात तेव्हा तुम्ही ज्यांना 'तळमजल्यावरचे आजोबा' म्हणायचात, तेच हे. तुमची रंगीत खेळणी काढून घ्यायचे आणि तळाला लाल ठिपका लावून परत द्यायचे. तुम्ही रडलात हे तुम्हाला आठवत असेल. त्यांनी तसं का केलं, ते आज सांगते.

पिंपरीकडच्या एका बॅटऱ्यांच्या कारखान्यात, म्हणजे शिशाच्याच राज्यात, त्यांनी नोकरीभर माल तपासला होता. तिथली पद्धत अशी, की चांगल्या मालाला हिरवा ठिपका, दुरुस्त होण्यासारख्याला पिवळा आणि टाकाऊला लाल. निवृत्त होताना लोक घड्याळ आणि नारळ घेऊन येतात; हे रंगाच्या तीन बाटल्या आणि तीन बारीक ब्रश घेऊन आले. त्यानंतर आमच्या इमारतीत तपासल्याशिवाय काही राहिलं नाही. माझ्या कुंकवाच्या करंड्याला लाल, पितळी पातेल्याला कल्हईच्या संशयावरून लाल, जिन्याच्या कठड्याला तर प्रत्येक मजल्यावर लाल. एका वर्षी आमच्याकडे गौरींच्या दर्शनाला आले, डोळे मिटून नमस्कार केला, मुखवट्यांच्या मागच्या बाजूला एकेक लाल ठिपका लावला आणि प्रसाद घेऊन शांतपणे खाली गेले. गळ्यात दोरीला एक चुंबक असे. शिसं चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा जे चिकटणार नाही ते सगळं संशयित. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, मग आमचा लाकडी पाटही संशयित का?" तर म्हणाले, "पाटाला रंग कोणता दिलाय, ते आधी सांगा वहिनी."

हे सगळं गमतीचं वाटे, पण त्याच्या मुळाशी त्यांची नात होती. सई. तिचे आईबाबा दोघंही हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत, अमेरिकेच्या वेळेला बांधलेले. पोर आजोबांच्या अंगावर. सई गोड होती, पण एका जागी बसणं हा प्रकार तिच्या घडणीतच नव्हता. जेवताना ती दोन खोल्या फिरून येई. वर्गात बाकाखाली, बाकावर, खिडकीत, कुठेही सापडे, फक्त बाकामागे नाही. दुसरीत असताना शाळेने घरी निरोप धाडला, की दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर मुलीसाठी दुसरी शाळा बघावी. त्या दिवसापासून त्यांनी शिशाचा शोध दुप्पट केला. "पोर मुळात चांगली आहे," ते म्हणायचे, "अंगात काहीतरी गेलंय. गेलंय ते काढता येतं."

काढण्याचा मार्ग त्यांना सातारा रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये सापडला. टाय लावलेल्या कुणीतरी तिथे पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की शरीरातले जड धातू खनिजांच्या थेंबांनी धुऊन निघतात. आजोबा काळ्या बाटल्यांचं अख्खं खोकं घेऊन आले. मी विचारलं, "अहो, खनिजं म्हणजे तरी काय, धातूच ना त्यात?" "काट्याने काटा काढायचा," ते म्हणाले. एकट्या सईला औषध दिलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून सगळ्या इमारतीला रोज सकाळी थेंब. तुमच्या सख्ख्या आजोबांनी पहिल्या दिवशी घोट घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "चव गटाराची आहे. पण किंमत बघता गटार चांगल्या वस्तीतलं असावं." सई मात्र निमूट प्यायची आणि पिऊन झाल्यावर पळायची. थेंबांनी पळण्यात काही फरक पडला नाही. दात तेवढे काळसर झाले.

शेवटी सईच्या आईने रजा टाकली आणि तिला मुलांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. आजोबा बरोबर, आणि 'वहिनी, बाईंचं इंग्रजी तुम्ही ऐका' म्हणून मीही. बाईंनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. "आत काय आहे ते बाहेर लिहिलेलं नाही. हे आजपासून बंद." मग शिशाच्या तपासणीसाठी सईचं रक्त घेतलं. आठवड्याने रिपोर्ट आला, शिशाच्या बाबतीत काळजीचं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "धातूबितू काही नाही. काही मुलं अशीच असतात. याला नाव आहे, शिकवण्याच्या पद्धती आहेत, फक्त वेळ लागतो. पुष्कळदा घरात आधीही कुणीतरी असं असतं. तिचे बाबा लहानपणी कसे होते?"

आजोबांनी रिपोर्टाची घडी करून तो खिशात घातला.

घरी सईच्या आईने पेढे वाटले. आजोबा मात्र जिन्याच्या पायरीवर, स्वतःच लावलेल्या लाल ठिपक्याशेजारी बसून होते.

"वहिनी, शिसं निघायला हवं होतं."

"काय बोलताय हे?"

"कारखान्याच्या कपड्यांवरून मीच ते घरी आणलं असणार, असं धरून चाललो होतो. तिचा बाप लहानपणी अस्साच. पायाला येऊन बिलगायचा, क्षणभर थांबायचा नाही. मी त्याला फूटपट्टीने मारायचो. शिसं असतं तर त्याचा दोष नव्हता, हिचाही नाही. सगळा माझ्या कपड्यांचा. आता ती अशीच आहे म्हणतात. म्हणजे तोही असाच होता. मग मी मारत कशाला होतो?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मी विचारलं, "त्याला हे सांगितलंत?" "बघतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते रॉकेलचा बोळा घेऊन निघाले आणि घरोघर लाल ठिपके पुसत सुटले. कठड्याचे तेवढे राहू दिले. तो रंग खरोखरच वाईट आहे म्हणाले. मग डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन शाळेत गेले, मला घेऊन. मुख्याध्यापिका शिस्तीवर इंग्रजीत बरंच बोलल्या. मी मराठी करून सांगणार, तेवढ्यात हे म्हणाले, "बाई, मी जन्मभर माल तपासला. अगदी चांगला भागसुद्धा मापाला थोडा इकडेतिकडे असतो. किती चालेल ते आधी ठरवावं लागतं. तुमच्याकडे किती चालतं? आणि लाल ठिपका लावायला अक्कल लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो." बाईंनी चिठ्ठी पुन्हा उघडून वाचली. सईला फळा पुसायचं आणि वह्या वाटायचं काम मिळालं, म्हणजे उठायची अधिकृत परवानगी. दिवाळी आली आणि गेली. सई त्याच शाळेत राहिली. पाढे तिला आजोबांनी इमारतीभोवती चालता चालता शिकवले. एकोणतीसचा पाढा पाण्याच्या टाकीपाशी आला, की आम्ही वरून ऐकायचो.

मुलाला ते काही बोलले का, हे बरीच वर्षं मला कळलं नाही. पुढे गुडघे गेले आणि हातात काठी आली. एका रविवारी सईचा बाबा त्यांना फाटकापर्यंत फिरवत होता. मी गॅलरीत होते. त्याचं तेच जुनं घाईचं चालणं, दोन पावलं पुढे जाऊन परत मागे. काठीकडे बघून तो म्हणाला, "बाबा, हिला पिवळा ठिपका कशाला? चांगली आहे की काठी."

"काठीला नाही लावला," ते म्हणाले. "धरणाऱ्याला लावलाय."

कारखान्याचे रंग त्या घरात लहानपणापासून पाठ; पिवळा म्हणजे अजून दुरुस्त होण्यासारखा. त्याने वडिलांचा दंड धरला आणि फाटकापर्यंत अगदी सावकाश चालत गेला. मधे एकदाही पुढे गेला नाही.

आजोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ती काठी सईने मला आणून दिली. तुम्ही याल तेव्हा दाराशेजारी उभी दिसेल. ठिपका मी पुसलेला नाही. नव्या धरणारीलाही तो चालण्यासारखा आहे.