ळ म्हणून दाखव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय तेही नीट कळत नाही—पण आता बसलाच आहात, तर ऐका.

मी जन्मानं कराचीचा. घर मराठी, गल्लीत गुजराती आणि सिंधी. फाळणीनंतर आगबोटीनं निघालो आणि वडील तापानं वाटेतच गेले. त्यांना समुद्रात सोडताना माझा हात धरून उभा होता तो लच्छूकाका, आमचा सिंधी शेजारी. पिंपरीच्या निर्वासित छावणीतही तो शेजारीच राहिला, पापड विकायचा. आई मला 'बाळ' म्हणायची, तो 'बाल'. ळ काही त्याला जमला नाही. आम्ही मायलेक हसायचो, तोही हसायचा.

मग मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून रान पेटलं, ते दिवस. मुंबईत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मेली होती. भर दुपारी चिंचवड स्टेशनच्या रस्त्यावर वीसेक जणांनी मला अडवलं. हातात काठ्या, एकाकडे सायकलची साखळी. राग काढायला त्यांना एखादा गुजराती हवा होता.

"क्यांपाकडनं आलास न्हवं? मराठी हाईस कशावरनं?" पुढच्यानं माझी कॉलर धरली.

काय सांगणार होतो मी? जन्म कराचीचा, पत्ता छावणीचा—माझ्याकडे मराठीपणाचा दाखला तरी कुठला? घाबरलो होतो—पण डोकं चाललं. म्हणालो, "'काळी गोळी' म्हणतो, ऐका. ज्याला ळ येत नाही, तो परका." त्यांना ते फार आवडलं. मला सोडलं, वर एक काठीही हातात दिली आणि आपल्यातच उभं केलं.

आणि मला ठाऊक होतं—इथं जीभ अडते, कारण खरं पाप इथंच आहे—गुजराती माणूस ळ अगदी स्वच्छ म्हणतो. मी त्यांच्यातच वाढलो होतो. या परीक्षेत अडकणार होते ते छावणीतले सिंधीच. तरी मी बोललो.

डोक्यावर पापडांची टोपली घेऊन लच्छूकाका आला. "म्हण, काळी गोळी!" तो गोंधळला. मग त्याला मी दिसलो आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"बाल," तो म्हणाला, "सांग ना यांना."

सगळे माझ्याकडे वळले. "तुज्या वळखीचा हाय व्हय रं?"

नुसतं नाही म्हणालो असतो तर? मी काठी मारली. पहिली मीच मारली—जबड्यावर. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तो पडला, तसे बाकीचे तुटून पडले, आणि मीही थांबलो नाही. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. त्या घोळक्यात मला आता कुणी काही विचारत नव्हतं. पायाखाली पापडांचा चुरा झाला होता, त्यात त्याचं रक्त.

संध्याकाळी आई त्याच्या जबड्याला हळदीचा लेप लावत होती. वाटी माझ्या हातात होती. "कोण होते ते मेले?" तिनं विचारलं.

लच्छूकाकानं माझ्याकडे पाहिलं. सुजलेल्या तोंडातून एकेक अक्षर काढत म्हणाला, "ओलखीचं कोणी नव्हतं."

मी वाटी धरून उभा राहिलो.