विमानाखालचा ओघळ

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात चिकलठाण्याच्या धावपट्टीवर रोज पहाटे एक छोटं मालवाहू विमान उतरायचं. येताना बर्फातली औषधं आणायचं, जाताना नव्या कारखान्यांचे सुटे भाग न्यायचं. मी त्याचा मेकॅनिक. उड्डाणाआधी तपासून सही करणं हे माझं काम.

खोक्यांतला बर्फ वितळून विमानाच्या पोटाखाली पाणी ठिबकायचं. आसपास कुठं थेंब नव्हता, त्यामुळं चिमण्या त्यावर तुटून पडायच्या. शहरातल्या छावणी भागातून सायकलवर येणारे आमचे हमाल चाचा त्यांच्यासाठी तिथं पत्र्याचं झाकण ठेवायचे.

त्या दिवशी औषधं उतरली होती. परतीचा माल अजून गाडीतच होता. चाचा म्हणाले, "मिस्त्री, चिमण्या तोंड लावंनात. चाकाजवळचं ते पानी नाय वो. जरा वाकून बघा."

"आता सहीपण चिमण्यांचीच घेऊ का, चाचा?"

ते हसले. पण पुन्हा म्हणाले, "बघा तरी."

आमच्या नव्या वसाहतीत घरं आली होती, नळ आले नव्हते. सातला टँकर यायचा आणि बायको बाळंतीण होती. मी उभ्यानंच नजर टाकली. ओलं दिसलं. बर्फाचंच असणार, म्हणालो आणि सही केली.

माल चढला, विमान उडालं. मी सायकल घेऊन फाटकापाशी पोचतो तोच आवाज परत आला. डावं चाक अर्धवट लटकत होतं. आत जाईना, खाली येईना. इंधन संपवण्यासाठी वैमानिक शहरावर घिरट्या घालू लागला.

मी धावत विमान उभं होतं त्या जागी गेलो. तेव्हा वाकलो. झाकणात लाल, चिकट तेल साचलं होतं. चाकाची यंत्रणा त्याच तेलावर चालते. खिशातल्या फडक्यानं मी ते पुसून टाकलं. मान वर केली तर समोर चाचा.

"उतरंल ना वो?" एवढंच त्यांनी विचारलं. मी तेलकट फडकं खिशात कोंबलं. आवाज दूर गेला की वाटायचं पडलं, जवळ आला की वाटायचं आता पडणार.

विमान एका चाकावर टेकलं, कललं आणि पंख घासत मातीत गेलं. वैमानिक वाचला. हात मात्र कायमचा अधू झाला.

चौकशीत तेलाची नळी फुटल्याचं निघालं. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "माल चढवण्यापूर्वी गळती होती?"

"नव्हती," मी म्हणालो.

मग हमालानं खोका आदळला म्हणून नळी फुटली, असं ठरलं. चाचांना काढून टाकलं. बाहेर ते मला म्हणाले, "मला कुनी नाय विचारलं, मिस्त्री. चिमण्यांना तरी विचारायचं."

पुढं ते छावणीत हातगाडीवर फळं विकायचे. मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

ते गेल्याचं कळल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या मुलीनं चहा दिला आणि हळूच विचारलं, "अब्बांच्या हातून विमान पडलं म्हणतात. तुम्ही होतात ना तिथं? खरं का ते?"

मी चहा संपवला आणि उठून आलो.

बेटी, खरं नाही. तुझ्या अब्बांनी पहिल्या खोक्याला हात लावण्याआधीच तेल गळत होतं. त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी वाकलो नाही. खाली माझी सही आहे. हा कागद ज्याला दाखवायचा त्याला दाखव.