भाऊजींचा वरचा ओठ

माझे थोरले दीर वनखात्याच्या कचेरीत फुलं वाळवायच्या खोलीत नोकरीला आहेत. रानातून आलेलं फूल जुन्या वर्तमानपत्रात दाबायचं, वाळलं की जाड कागदावर चिकटवायचं, खाली नाव लिहून कपाटात ठेवायचं. ते नेमकं काय करतात असं कुणी विचारलं की माझी जाऊ सांगते, "फुलांना इस्त्री."

पण कचेरीत भाऊजींना मान आहे, आणि तो सगळा त्यांच्या वरच्या ओठामुळे आहे.

त्या रानात झाडांच्या सावलीत दोन निळी फुलं उगवतात. पाकळ्या पाच, मधे पांढरा ठिपका, पानं तीच, उंची तीच. कचेरीत एकीला थोरली म्हणतात, दुसरीला धाकटी. थोरली कुठेही येते, गटाराच्या कडेलाही. धाकटी दुर्मीळ, ती जिथे असेल त्या जागेला हात लावायचा नाही असा नियम आहे. फरक एवढाच, की थोरलीच्या देठावर बारीक लव असते आणि धाकटीचा देठ गुळगुळीत. ही लव डोळ्यांना दिसत नाही. बोटांना कळत नाही. भिंगातून पाहिलं तर धाकटीच्या देठावर बसलेली धूळही लवेसारखीच दिसते. वाळल्यावर तर लव झडूनच जाते. म्हणून भाऊजी ताजा देठ वरच्या ओठावरून फिरवतात. गुदगुली झाली तर थोरली, नाही झाली तर धाकटी.

यासाठी गेली एकोणतीस वर्षं ते रोज सकाळी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, मिशी सफाचट करतात. खरं तर त्यांना मिशीची फार हौस. लग्नाच्या फोटोत आहे ती, चांगली भरदार. घरच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने तो फोटो लावलाय, आणि दाढी झाली की ते एकदा दार उघडून बघतात.

कचेरीच्या मागे मोठ्या झाडांखाली एक तुकडा आहे. भाऊजींनी त्याला सुतळी बांधून ठेवलीय, दुपारचा डबा ते तिथेच बसून खातात. त्यांच्या मते तिथली सगळी रोपं धाकटीची. यंदा खात्याने ठरवलं, की रान बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी तिथे वाहनतळ करायचा. भाऊजींनी हरकत घेतली. गुरुवारी दहा वाजता पाहणी ठरली. रोलर आधीच फाटकाशी येऊन उभा होता, आणि ठेकेदाराला तो संध्याकाळी दुसऱ्या कामावर न्यायचा होता.

गुरुवारी पहाटे भाऊजींची वरची दाढ सुजली. त्यांचं म्हणणं, पाहणी होऊ दे, मग बघू. जाऊबाईंनी ऐकलं नाही. "तोंडाचा भोपळा झालाय. हे तोंड घेऊन साहेबांसमोर जाणार?" गाडी मला येते, म्हणून मीच दोघांना घेऊन गेले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, दाढ काढली, कापसाचा बोळा दिला आणि हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं, "तीन तास वरचा ओठ बधिर राहील. काळजीचं काही नाही."

गाडीत भाऊजी आरशात बघून ओठाला चिमटे काढत होते. जाऊबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मला काय माहीत हो, आजच तो लागणार होता."

दहा वाजता आम्ही त्या तुकड्याशी पोचलो. साहेब होते, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या मिशांचे. ठेकेदार होता, त्याची दाढी डोळ्यांपासूनच सुरू व्हायची. भाऊजींना नीट बोलता येत नव्हतं, म्हणून जाऊबाई शेजारी उभ्या राहिल्या.

भाऊजींनी पहिला देठ खुडला आणि ओठावरून फिरवला. अर्थातच काही लागलं नाही.

"धाकटी?" साहेबांनी विचारलं.

भाऊजींनी पुढच्या रोपाला हात घातला. दुसरा देठ. काही नाही. तिसरा. काही नाही. साहेब आपले लिहीत होते: धाकटी, धाकटी, धाकटी. ठेकेदाराचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, सुटलो. भाऊजींना नुसती मान डोलवायची होती. खोटंही बोलायचं नव्हतं. लागत नव्हतं हे खरंच होतं.

तेवढ्यात त्यांनी कुंपणाच्या झुडपाची काटेरी काडी तोडली आणि तीच ओठावरून फिरवली. रक्ताचा थेंब आला. त्यांना पत्ताच नाही. त्यांनी तो थेंब आमच्या चेहऱ्यांवर वाचला, बोटाने टिपला, आणि साहेबांसमोर धरून काहीतरी पुटपुटले.

"ते म्हणतायत," जाऊबाई म्हणाल्या, "तिन्ही खोडा. आज त्यांना काहीच लागत नाहीये."

साहेबांनी तिन्ही धाकट्या खोडल्या. "मग आता कुणाचा ओठ घ्यायचा?"

सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघू लागले. साहेबांनी मिशी बोटाने वर उचलून एक देठ लावून पाहिला आणि शिंकले. ठेकेदाराला कुणी विचारलंच नाही. मी प्रयत्न केला. मला पहिल्या देठानेही गुदगुली झाली, दुसऱ्यानेही झाली, मग नुसता हात जवळ आणला तरी व्हायला लागली.

"द्या हो इकडे," म्हणत जाऊबाईंनी पर्स माझ्याकडे दिली.

"वहिनी, तुम्हाला येतं?" साहेबांनी विचारलं.

"यांना शिकवलं कुणी, असं वाटतं तुम्हाला?"

जाऊबाई शिवणकाम करतात. मखमल कापण्याआधी लव कुठल्या बाजूला वळलीय ते बघावं लागतं, नाहीतर एक बाही काळी दिसते आणि एक राखाडी. त्या कापड ओठाला लावून बघतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी भाऊजींनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत ती पद्धत आपली म्हणून लावली. ही गोष्ट एकोणतीस वर्षं घरात राहिली होती. भाऊजी बुटांकडे बघत उभे राहिले.

साहेबांनी आधी परीक्षा घेतली. फाटकाबाहेरची थोरली आणि कचेरीच्या खिडकीतल्या कुंडीतली धाकटी. जाऊबाईंचे डोळे बांधले, सहा वेळा अदलाबदल केली. सहाही बरोबर आले.

मग तुकडा. तिथे बावीस रोपं होती. जाऊबाई पदर खोचून एकेका रोपाशी वाकत गेल्या.

"थोरली." पुढे. "थोरली." पुढे. "ही पण थोरलीच."

सलग सात थोरल्या निघाल्या. ठेकेदाराने खिशातून फोन काढला. भाऊजींनी जाऊबाईंकडे असं पाहिलं, की मीच दुसरीकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी ही बाई एक खोटं बोलेल. नवऱ्याची इतक्या वर्षांची डब्याची जागा आहे. पण जाऊबाई मखमलीच्या बाबतीत गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलल्या नाहीत, आणि त्या घटकेला भाऊजी गिऱ्हाईकच होते.

आठव्या रोपाशी त्या थांबल्या. देठ फिरवला, ओठ पुसला, पुन्हा फिरवला.

"धाकटी."

"नक्की?" ठेकेदार म्हणाला.

"तुमची दाढी काढून या आणि बघा."

बावीसमधल्या नऊ धाकट्या निघाल्या. एकही पुरली असती. रोलर आला तसा गेला. साहेबांनी रोपांच्या नोंदीचा छापील तक्ता पुढे घेतला. 'ओळखण्याची पद्धत' या रकान्यात दरवर्षी 'ओठ' असं लिहिलं जायचं. भाऊजींनी खूण करून पेन मागितलं आणि पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'पत्नीचा. आधीपासून.'

जागा वाचली, पण तेरा चुकल्या होत्या. दुपारी ओठ जागा झाल्यावर भाऊजी एकटेच त्या तेरांकडे गेले आणि एकेक देठ लावून आले. काही लागलं नाही. इंजेक्शनचा दोष नव्हता. इतक्या वर्षांच्या वस्तऱ्याने आणि देठांनी ओठच घट्टा पडल्यासारखा झाला होता. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना. पुढचा आठवडाभर ते कपाटातले जुने कागद काढून धाकटीच्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढत बसले. कुणी सांगितलं नव्हतं.

आता महिन्यातून दोनदा कचेरीची गाडी जाऊबाईंना न्यायला येते. त्या शिलाई मशीनवर फडकं टाकतात आणि शेजारणीला सांगतात, "जाऊन येते जरा, यांना फुलं ओळखून द्यायचीत."

भाऊजी सोबत वही घेऊन असतात. परवा मी त्यांना चहा दिला तेव्हा कप तोंडाला लावून ते जरा थबकले, आणि रुमालाने मिशीवरचा चहा हलकेच टिपला. चांगली दाट आलीय. थोडी पांढरी, पण भरदार.