अप्पा मवाळ झाले तो आठवडा

आमच्या अप्पांचा राग सगळ्या सोलापुरात गाजत होता असं म्हणणं जास्त होईल, पण स्टेशनापासून आमच्या गल्लीपर्यंत तरी त्याची कीर्ती होती. ते एका कापडगिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. सकाळी गिरणीचा भोंगा आधी वाजतो की अप्पा आधी ओरडतात, याची शेजारी मजा बघत. हा राग माझ्यातही उतरलाय हे मी नाकारत नाही. फरक एवढाच की माझा राग येतो आणि जातो. अप्पांचा मुक्कामाला असे.

त्यांच्या 'नाही'च्याही पायऱ्या होत्या. ऑफिसच्या शुद्ध मराठीत "नाही" म्हणाले तर थोडी आशा असे, पुन्हा विचारता येई. आमच्या मूळ गावच्या, मैंदर्गीच्या बोलीत "न्हाय म्हंजे न्हाय" आलं की अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, मध्ये घालावं लागे. आणि कानडीत "ब्याड!" म्हणाले की विषय तिथंच मिटला. माझ्या नोकरीला अप्पांनी थेट "ब्याड!" म्हटलं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए. होऊन घरात बसले होते. बसले होते म्हणजे भाकऱ्या थापत होते आणि बघायला येणाऱ्या मंडळींपुढे पोह्यांच्या बश्या नेत होते. तेवढ्यात टेलिफोन ऑपरेटरच्या जागा निघाल्या. मी घरी न सांगता अर्ज केला, परीक्षा दिली आणि निवडीचं पत्र आलं. आधी पुण्याला ट्रेनिंग, मग सोलापुरातच नेमणूक. सोबत एक फॉर्म होता आणि त्यावर जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती. ती सही घेऊन फॉर्म महिनाअखेर पोचला नाही तर जागा दुसरीला जाणार होती.

"दिवसभर परक्या पुरुषांना हॅलो हॅलो करत बसणार?" अप्पा गरजले. "ह्यासाठी शिकवलं तुला?"

"अप्पा, ते फक्त नंबर मागतात."

"आज नंबर मागतात!" एवढं बोलून त्यांनी पुढचं सगळं माझ्या कल्पनेवर सोडलं, आणि मग ते "ब्याड!" आलं. मी फॉर्म ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण जेवायला वाढायला मीच असे.

आता गोळ्यांकडे येते. अप्पांना बीपी होतं. डॉक्टरांनी त्यांना सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशा पिवळ्या गोळ्या दिल्या होत्या. शिवाय शक्तीची एक लाल गोळी असे. अप्पांनी जन्मात कधी गोळीकडे निरखून पाहिलं नाही. सकाळी लिंगपूजा आटोपली की ते डोळे मिटूनच उजवा हात पुढे करत, अव्वा तळहातावर गोळ्या ठेवी, आणि ते वर तोंड करून गटकन गिळत. आपण औषध घेतो हे त्यांना स्वतःलाही कळू द्यायचं नव्हतं असं मला वाटे.

औषधांचा सगळा कारभार अव्वाकडे, आणि अव्वाचा कारभार पानाच्या डब्यात. पितळेचा मोठा डबा होता, आत सात वाट्या. सुपारी, कात, चुना, लवंग, वेलदोडा यांच्या शेजारी एका वाटीत पिवळी गोळी आणि एकीत लाल. अव्वाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून तिचा नियम सोपा होता: एक रंग, एक औषध, एक वाटी. गोळ्यांची पट्टी घरात आली की ती अडकित्त्यानं कातरून एकेक गोळी सुटी करी. अडकित्त्याखाली त्या पट्टीवरच्या नावाचे तुकडे तुकडे होत आणि ते वाटीत जाऊन पडत. ह्या पद्धतीनं तीन वर्षं कुठं काही चुकलं नव्हतं, त्यामुळे मीही कधी त्यात लक्ष घातलं नाही.

एका शनिवारी दुकानात पिवळी गोळी मिळेना. अप्पा शिस्तीचे. पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात शिल्लक असतानाच ते पुढच्या मागवत. ऑफिसचा म्हातारा शिपाई चिठ्ठी घेऊन गेला आणि दुकानदारानं तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं. ही गोळी पांढरी होती. शिपायानं पुडी अव्वाच्या हाती दिली आणि म्हणाला, "सायेबांच्या गोळ्या." अव्वानं पांढरा रंग पाहिला. नवा रंग म्हणजे नवं औषध. तिनं लवंगा वेलदोड्याच्या वाटीत ढकलल्या आणि मोकळ्या वाटीत पांढऱ्या गोळ्या ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून अप्पांच्या तळहातावर पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन गोळ्या पडू लागल्या. तीन काय नि दोन काय, त्यांचे डोळे मिटलेलेच.

मंगळवारी मला पहिली शंका आली. गवळी दूध घालत होता आणि अप्पा दारात उभे होते. एरवी ते दुधात बोट बुडवून गवळ्याच्या मागच्या पिढ्यांपर्यंत पोचत. त्या दिवशी दुधाकडे बघत ते म्हणाले, "पातळ आहे. पण उन्हाळ्यात पातळच बरं की." गवळी इतका घाबरला की त्यानं आणखी पावशेर दूध ओतलं आणि मागं न बघता निघून गेला.

सर्दी नसताना नाक चोंदून त्यांचा आवाजही बदलला होता. तोंड कोरडं पडे, म्हणून सारखं पाणी पीत आणि वर्तमानपत्र मांडीवर घेऊन डुलक्या काढत. बुधवारी जेवताना त्यांनी मान वर केली आणि अव्वाला विचारलं, "तू जेवलीस का?"

अव्वाच्या हातातली पळी आमटीत पडली. स्वयंपाकघरात येऊन ती पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "पंचवीस वर्सांत पयल्यांदा इचारलं गं. नवी गोळी लई गुणाची हाय."

शेजारणीचं मत वेगळं होतं. नवी गोळी सुरुवातीला बाधतेच, तिच्या दिरालाही असंच झालं होतं, तो महिनाभर कुणाशी भांडलाच नाही. अव्वा म्हणाली, असली बाधा सगळ्यांच्या घरी होवो.

मी कशी मागं राहीन? गुरुवारी संध्याकाळी अप्पा आरामखुर्चीत बसले होते. मी फॉर्म घेऊन गेले.

"अप्पा, ते टेलिफोनचं..."

"कर की," ते चोंदलेल्या नाकानं म्हणाले. "हॅलो म्हणण्यात काय वाईट आहे? चांगला शब्द आहे." थोडा वेळ डोळे मिटून ते पुढे म्हणाले, "सोमवारी सही करू. शिवाचा वार आहे."

त्या रात्री मला इतका आनंद झाला की मी पुण्याला कुठल्या साड्या न्यायच्या ते ठरवून टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी अप्पांच्या हाताखालचे दोन कारकून घरी आले. साहेब आठवडाभर कुणावर ओरडले नाहीत, चुकलेला हिशेब दाखवला तर "असू दे, माणूस आहे" म्हणाले. म्हणून ऑफिसात सगळे काळजीत होते. एकानं दबक्या आवाजात मला विचारलं, "काय मोठं आजारपण तर नाही ना?" अव्वानं मला पानाचा डबा आणायला सांगितलं.

मी पान लावायला बसले. लवंग तिच्या वाटीत नव्हती. ती शोधता शोधता पांढऱ्या गोळीच्या पट्टीचा एक तुकडा हाताला लागला आणि कागदाच्या बाजूची बारीक अक्षरं दिसली. कंपनीचं नाव मोठं आणि अनोळखी होतं. पण खाली औषधाचं जे मूळ नाव होतं, त्याचा अर्धा भाग मी कुठंतरी वाचला होता. पिवळ्या गोळीच्या पट्टीचे दोन तुकडे काढून शेजारी जुळवले. तेच नाव. तेवढ्याच मिलिग्रॅमचं. अप्पा आठवडाभर एकच औषध दुप्पट घेत होते.

आता जे केलं ते सांगताना आजही मला माझी लाज वाटते. मी ते तुकडे परत वाटीत ठेवले, विडे कारकुनांना नेऊन दिले आणि गप्प बसले. मनात म्हटलं, शनिवार, रविवार, सोमवार. आठवडा निघालाय, तीन दिवसांनी काय होतंय? माणूस झोपतो, पाणी पितो, बायकोला जेवलीस का विचारतो. ह्यात वाईट काय आहे? सही झाली की लगेच सांगू. अव्वानं संध्याकाळच्या गोळ्या अप्पांच्या हातावर ठेवल्या तेव्हा मी ताटं पुसत होते. एकच ताट पुसत राहिले.

शनिवारी सकाळी पूजा संपवून अप्पा पाटावरून उठले आणि उठता उठता पुन्हा खाली बसले. उभे राहिले, भिंतीला हात लावायला गेले, भिंत जरा लांब होती, आणि ते सावकाश, अगदी सभ्यपणे, पाण्यानं भरलेल्या घंगाळात बसले. पाणी सगळ्या सोप्यात झालं. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. त्याही स्थितीत ते अव्वाला म्हणाले, "काही नाही, जरा बसलो." हसू येण्यासारखंच दृश्य होतं, पण मला हसू आलं नाही. मी ओरडले, "अव्वा, पांढरी देऊ नको! तेच औषध आहे ते, दोन्ही एकच आहेत!"

डॉक्टर आले. बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि आम्हा दोघींकडे असं पाहिलं की मला घंगाळात बसावंसं वाटलं. दोन दिवस गोळी बंद, मग पांढरी किंवा पिवळी कुठलीही एकच. "कंपनी बदलली तर काहींना चार दिवस जड जातं," ते म्हणाले, "पण इथं कंपनीचा दोष नाही. इथं पानाच्या डब्याचा दोष आहे." अव्वा रडत रडत म्हणाली, "मला वाटलं गुण आला म्हून."

रविवारी अप्पा झोपून होते. मी त्यांच्या उशाशी बसून ताक पाजत होते आणि मनात देवाला सांगत होते की नोकरी नको, पण ह्यांना एकदा नीट ओरडू दे.

देवानं सोमवारी सकाळी ऐकलं. दारात गवळी आला आणि आतून आवाज आला, "ह्याला दूध म्हणतोस? ह्यात मासे पाळशील की रे!" अव्वा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "आले बाई घरी." तिच्या आवाजात आनंद होता आणि थोडं दुःखही होतं. मला दोन्ही कळलं. मी गुपचूप फॉर्म ट्रंकेत परत ठेवायला निघाले.

"कुठं चाललीस तो कागद घेऊन?" अप्पांनी दारातूनच विचारलं. "आज सोमवार आहे ना?"

"राहू दे अप्पा. तुम्ही हो म्हणालात ते गोळ्यांनी म्हणालात." फॉर्मची घडी घालता घालता मी सांगून टाकलं. "आणि मला शुक्रवारीच कळलं होतं, दोन्ही एकच आहेत म्हणून. तुमची सही होईपर्यंत मी गप्प बसणार होते."

अव्वानं हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडली. मी डोळे मिटून "ब्याड"ची वाट पाहिली.

"शुक्रवारी कळलं आणि शनिवारी बोललीस," अप्पा म्हणाले. "माझ्या ऑफिसात चूक सांगायला माणसं वर्ष लावतात. पेन आण."

मला खरं वाटेना. "पण अप्पा, ते 'हो' औषधाचं होतं."

"मग त्याआधीचं 'नाही' कुणाचं होतं?" ते चिडून ओरडले. "बीपीचंच की! रोगाचं ऐकायचं की औषधाचं?"

मी पेन आणलं. ते सही करत असताना मी कागद दोन्ही हातांनी धरला. त्यांनी नाव पूर्ण लिहिलं, खाली रेघ ओढली, फुंकर घालून शाई वाळवली आणि फॉर्म माझ्या अंगावर टाकल्यासारखा दिला.

"आणि ऐक. फोनवर लोक ओरडतील. लाईन लागली नाही की शिव्या घालतील. रडायचं नाही. इतकी वर्षं मी घरात ओरडत होतो ते काय उगीच?"

मी तिथंच रडायला लागले, आणि त्यावरून त्यांनी मला पुन्हा झापलं.