चांदणीचा पुढचा पाय

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला सांगितलं असतं तर ती चार दिवस बोलली नसती, पाचव्या दिवशी भांडली असती, आणि कदाचित ते तिथंच संपलं असतं. पण नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या माझ्या दुकानावर येणार नाही. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण शोधायला गेलो तर पुन्हा खोटं बोलेन.

जवळा बाजार या गावात माझं दुकान आहे. कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा, झुली, लगाम – जनावराच्या अंगावर चढतं ते सगळं. अशा दुकानात बसणाऱ्या माणसाला जनावरातलं कळतं, असं लोक धरून चालतात. मला कळत नाही. मला दोरी कळते, चामडं कळतं, गिऱ्हाईक कळतं. पण कुणी विचारलं, बालाजीभाऊ, हा बैल कसा वाटतो, की मी मान तिरकी करून दोन मिनिटं बघतो आणि काहीतरी सांगतो. फुकटचा मान कुणाला नको असतो?

तर – मॅच. पोलोची मॅच. हिंगोली जिल्ह्यात पोलो म्हटलं की तुम्ही हसाल. आम्हीही हसलो होतो. पुसेगावचे एक सुभेदार फौजेत घोड्यांवर होते. निवृत्त होऊन गावी आले आणि हे खूळ सोबत घेऊन आले. घोड्यावर बसून लांब काठीनं चेंडू मारायचा आणि दोन खांबांमधून पलीकडे काढायचा. आता आमच्याकडे घोडे कुठले असणार? वरातीचे. सुभेदारांनी आसपासच्या गावांतून, तांड्यांवरून वरातीच्या घोड्या जमवल्या, त्यांच्या मालकांना उन्हाळाभर शिकवलं, आणि सोयाबीन निघाल्यावर गावाबाहेरच्या गायरानावर मॅच ठेवली. लोटला गाव. जिलबीची गाडी आली, हलगीवाले आले, मी पांढरे बूट घालून गेलो. नवे होते.

खेळणाऱ्या आठ जणांत युसूफभाई होता, शिरड शहापूरचा. त्याची घोडी चांदणी. आमच्या भागातल्या निम्म्या नवरदेवांनी तिच्यावर बसून सासरचा उंबरठा गाठलाय. लगाम माझ्या दुकानातला. युसूफ लगाम घ्यायला आला की आधी चामडं स्वतःच्या ओठांना लावून बघायचा – खरखरीत तर नाही ना. मी त्याला चिडवायचो, ही तुझी घोडी की बायको? तो म्हणायचा, बायकोला विचारून सांगतो.

मॅच सुरू झाली आणि पहिल्या धडाक्यात गंमत झाली. खांबाजवळ कुणीतरी जोशात हलगी वाजवली, आणि चांदणी चेंडू सोडून नाचायलाच लागली. वरातीची घोडी ती, तिला कुठं माहीत आज लग्न नाही म्हणून. पुढचे पाय आळीपाळीनं उचलून, मान वाकवून – लोक पोट धरून हसले. सुभेदारांनी हलगी बंद करायला लावली. मीही हसलो. तिचे पाय मी नीट पाहिले होते. चारही चांगले होते. हे लक्षात ठेवा.

मध्यंतर झालं. पोलोत म्हणे अशी रीतच आहे, की टापांनी उखडलेली ढेकळं मध्यंतरात प्रेक्षकांनी मैदानात उतरून पायानं दाबून बसवायची. सुभेदार माईकवर समजावून सांगत होते. गवताची बाजू वर ठेवा, टाचेनं दाबा. आणि गायरानात घुशींची बिळं आहेत, कुणाचा पाय खोल गेला तर जागा सोडू नका, हात वर करा, आमचा माणूस मुरूम टाकून बुजवेल. सगळे उतरले. म्हाताऱ्या नऊवारी सावरून ढेकळं दाबत होत्या. जत्राच होती.

माझा पाय गेला. घोट्याच्या वर गेला. पाऊस उलटून फार दिवस झाले नव्हते, आत काळ्या मातीचा चिखल होता. पाय ओढला तर बूट आतच राहिला. वाकून, हात घालून तो काढला. इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

आता हात वर करायचा होता. एवढंच. पण हात वर केला असता तर सगळं मैदान बघणार होतं – साजाचा दुकानदार, एका पायात पांढरा बूट, एका हातात काळा गोळा. हलगीवाले तर टपलेलेच असतात. वर्षभर ही गंमत पुरली असती त्यांना. मी काय केलं? शेजारचं मोठं ढेकूळ उचललं, गवताची बाजू वर करून त्या भोकावर ठेवलं, आणि कडेनं हळूच थोपटलं. हळूच, म्हणजे ते पुन्हा आत जाऊ नये. बघायला इतकं छान दिसत होतं की विचारू नका. बुजवलं नाही मी. झाकलं.

नंतर दोरीच्या बाहेर जाऊन बूट पुसत उभा राहिलो. त्या जागेवरून घोडे जात होते, येत होते. मी बघत होतो. आधी बघत होतो, मग विसरलो. खरंच विसरलो – जिलबी खात होतो.

चांदणी चेंडूमागे भरधाव आली आणि पुढचा उजवा पाय तिथं गेला. आवाज आला. तो कसा होता ते सांगत नाही. युसूफ पुढे फेकला गेला, त्याचं खांद्याचं हाड मोडलं. घोडी तीनदा उठायचा प्रयत्न करून बसली. जनावरांचे डॉक्टर आले, पाय पाहिला, सुभेदारांकडे पाहून मान हलवली, आणि कायमची झोपवणारी सुई दिली. युसूफ डाव्या हातानं तिचं तोंड धरून बसला होता. तिचे डोळे मिटले नाहीत. त्यानं मिटवून पाहिले, ते राहिले नाहीत.

मला त्या वेळी काय वाटलं, असं विचाराल तर – काही नाही. माझंच शरीर मला कुणाचं तरी ठेवायला दिलेलं वाटत होतं.

गर्दीनं ती जागा तुडवून टाकली होती, काही ओळखू येत नव्हतं. सुभेदार माणसांकडे वळून विचारत होते, इथं कुणी दाबलं होतं? कुणाचा पाय खोल गेला होता का? जो तो दुसऱ्याकडे बघत होता. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं, नाही का? पण मी बोललो.

"घोडी आधीपासूनच लंगडत होती," मी म्हणालो. "हलगीवर ती नाचली कुठं? पाय दुखून राहिला होता तिचा. उचलून धरत होती."

मग कुणीतरी म्हणालं, व्हय, मलाबी तसंच वाटलं. मग दुसरा. साजाच्या दुकानदाराला दिसलं म्हणजे खरंच असणार. युसूफनं खालूनच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिवी देईल. द्यायला पाहिजे होती.

"व्हय का, बालाजीभाऊ?" तो म्हणाला. "मग मला काहून दिसलं न्हाई?"

मी मान हलवली. कशी हलवली, हो म्हणून की कीव म्हणून, ते मलाच आठवत नाही. त्यानं ती हो म्हणून घेतली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ज्यानं लंगड्या घोडीला पळवून मारलं त्याची घोडी लग्नाला कोण बोलावणार? अपशकुन. ठरलेल्या वरातींसाठी तो उसनी घोडी आणणार होता, त्याही मोडल्या. सुभेदारांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि पोलो कायमचं बंद केलं. युसूफ उलटून एक शब्द बोलला नाही. त्याला ते पटलं होतं. माझं खोटं त्याच्याइतकं कुणालाच पटलं नव्हतं.

दोन वर्षांनी त्यानं दुसरी घोडी घेतली, तरणी, तांबूस. घेण्याआधी मला न्यायला गाडी पाठवली – तुमची नजर चांगली हाय, तुमी पाय बघा. मी गेलो. हो, गेलो. मान तिरकी करून बघितलं आणि म्हणालो, बराबर आहे. त्याच्या बायकोनं शिरखुर्मा दिला, तोही खाल्ला. हळूहळू वराती मिळायला लागल्या. पण वाजंत्री सुरू होऊन घोडी नाचायला लागली की हा तिला थांबवायचा आणि चारही पाय चाचपायचा. एकदा, दोनदा, पुन्हा. नवरदेव वर ताटकळलेला, वऱ्हाडी वैतागलेले. लोक त्याला हसायला लागले.

गेल्या महिन्यात तो दुकानात आला. काही घ्यायला नाही. ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसला, बराच वेळ छताला टांगलेल्या घुंगरमाळांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बालाजीभाऊ, एक विचारतो. तकलीफ मानू नका. त्या दिवशी तुमी सच्चीच पाहिलं होतं ना? चांदणीचा पाय?"

मी म्हणालो, आज काहून काढलं हे?

"काल घोडी पाय टेकून राहिली न्हाई असं वाटलं. डॉक्टर म्हणतो काही न्हाई. माझा माझ्या डोळ्यांवर भरोसाच न्हाई राहिला. तुमची तवा चूक झाली असंल, तर ही ठेवतो. न्हाई झाली, तर इकून टाकतो. पुन्हा एक मुकं जनावर मारायचं न्हाई मला."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. बाहेर उन्हाचं रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यानं दार उघडून माझ्यासमोर धरलं होतं. चूक झाली म्हण, एवढंच तो सांगत होता. भोकाचं बोलायचीही गरज नव्हती. नीट दिसलं नसेल बाबा, इतकं म्हणालो असतो तरी त्याची घोडी राहिली असती.

"पाहिलं होतं," मी म्हणालो.

"मग ठीक हाय," तो म्हणाला, आणि खांदा धरून उठला.

पुढच्या बाजाराला त्यानं घोडी विकली. ज्यानं घेतली तो माणूस नव्या लगामासाठी माझ्याकडेच आला होता. सांगत होता, असा विकणारा मी पाहिला न्हाई. म्हणे, घोडी एकदम चोख हाय, खोट माझ्या नजरेत हाय.

मी ऐकून घेतलं आणि त्याला लगाम दाखवायला लागलो.