करडईचं वाकडं तास

पुसदहून सुटलेल्या एसटीने मला फाट्यावर उतरवलं, तेव्हा माझ्या वहीत एकच प्रश्न होता: ज्वारी मोठ्या शेतात जास्त पिकते की लहान? निवृत्त मास्तरणीला असले उद्योग सुचतात.

मैत्रिणीचे भाऊ नामदेवभाऊ मोटारसायकल घेऊन न्यायला आले होते. वाटेत म्हणाले, "ताई, उद्या वावराच्या मधात धुरा पडून राह्यला." (वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे बांध.) चार एकरांचे दोन तुकडे होणार होते. धाकट्या भावाला, गजाननला, वेगळं व्हायचं होतं. हे सांगताना त्यांनी गाडी अशी खड्ड्यात घातली की माझा चष्मा धुळीत गेला.

घरी वहिनींनी भाकर-झुणका वाढला. मी जेवतानाच प्रश्न काढला.

"लहानच बरं," गजानन म्हणाला. "नजरेत राह्यते. आता अर्धं वावर तर गवतच खाते."

"अन् धुरा काय खाते?" नामदेवभाऊ ताटातून मान वर न करता म्हणाले. "आबानं अन् काकानं वाटणी केली, तवा ज्वारीचे चार तासं गेले. तेथी आता नुसत्या बोरी."

तास म्हणजे पेरणीची ओळ. दोघांचंही खरं होतं. मी वही मिटली.

"मंग धुरा कायले टाकता?" वहिनी म्हणाल्या. "मधातून करडईचं एक तास काढा. हद्द बी दिसते, पीक बी येते."

गजाननने भाकरीचा तुकडा मोडला. "तास सरळ पाहिजे पण."

सकाळी नामदेवभाऊंनी तिफण (तीन फणांचं पेरणीचं औत) धरली. तिच्यावरच्या चाड्याची (बी सोडायच्या लाकडी वाडग्याची) दोन भोकं वहिनींनी चिंधीनं बुजवली. उरलेल्या एकात मी मागून चालत करडई सोडली आणि ढेकळांत दोनदा आपटले. टोकाला पोचून वळून पाहिलं, तर तास नामदेवभाऊंच्या बाजूला चांगलंच वाकलेलं.

गजानन धावत आला. "दादा, तुह्या अंगाले गेलं नं! तुलेच कमी पडते."

"ताईचा हात हालला," नामदेवभाऊ म्हणाले. "पाहुण्यायले काय बोलतं? राहू दे."

मी ओशाळून माफी मागितली. गजानन क्षणभर भावाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुह्या अंगाचं बी मीच निंदून देईन."

परतीच्या एसटीत मनातल्या मनात मी पुन्हा ते तास चालले. माझ्या हातात फक्त बी होतं. तिफण जाईल तिथेच ते पडणार, आणि तिफण नामदेवभाऊंच्या हातात होती. मी वही उघडली. वहीत उत्तराची जागा तशीच कोरी ठेवली.